घुमट, धरण आणि चर्चची दप्तरे

नेवाशाला प्रवरेच्या काठी गेल्या शतकाच्या पन्नाशीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ अशी वर्षे तिथे खपले. एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात त्यांना तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. दोरा खरे तर मातीत केव्हाच कुजून जायचा. पण तांब्याच्या गंजाने त्याचे तुकडे मण्यांच्या आत जपून ठेवले होते. पुरातत्त्वज्ञांनी ते स्वतःपाशी न ठेवता मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतले ए. एन. गुलाटी यांच्याकडे तपासायला दिले. गुलाटींचे रोजचे काम गिरण्यांच्या सुताचे. त्यांनी धागे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांत कापसाबरोबर रेशीम असल्याचा निर्वाळा दिला. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी नेवाशात रेशमाचा दोरा होता, ही गोष्ट जगाला कळली ती अशी. आजही प्राचीन रेशमावर लिहिणारे अभ्यासक नेवाशाचे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाहीत.

हे संशोधन कोणत्या शाखेचे म्हणायचे? नेवाशाच्या अहवालाचे काम मुख्यतः पुरातत्त्वज्ञांचे, पण सांगाडे तपासायला सोफी एरहार्ट या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि धागे तपासायला सूत ओळखणारा माणूस होता. प्रत्येकाने आपापल्या विद्येत पाय घट्ट रोवले होते, आणि शेजारच्या विद्येचे दार ठोठावण्यात कुणालाही कमीपणा वाटला नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याने, लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या नगर जिल्ह्याने, जगाच्या ज्ञानात जी काही भर घातली, तिच्यातली बरीचशी अशीच दार ठोठावून मिळालेली आहे. आज मात्र याच जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या इमारती एका गावात, इतिहासाचे विभाग दुसऱ्या गावात आणि जुनी दप्तरे तिसरीकडेच बंद कपाटात, असे चित्र आहे. पीएचडीच्या नोंदणीत शाखेचा रकाना भरला की उमेदवाराच्या भोवती कुंपण पडते. हे कुंपण मोडायला हवे, आणि ते मोडण्याइतके साहित्य महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एकवटलेले असेल.

चर्चचा इतिहास आणि बांधकामाची अभियांत्रिकी या दोन टोकाच्या वाटणाऱ्या विद्या एका वास्तूने कशा जवळ आणल्या, हे आधी पाहण्यासारखे आहे. इस्तंबूलचे आया सोफिया हे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेचे जवळजवळ नऊशे वर्षांचे मुख्य मंदिर. सम्राट जस्टिनियनने ते इ. स. ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत उभारले. अँथेमियस आणि इसिडोरस हे त्याचे रचनाकार भूमितीचे पंडित होते. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट त्यांनी चार प्रचंड कमानींवर तोलला. ५५८ मध्ये, भूकंपांच्या तडाख्यांनंतर, तो घुमट कोसळला. धाकट्या इसिडोरसने नवा घुमट मुद्दाम अधिक उंच केला, कारण चपटा घुमट खालच्या भिंतींना बाहेर जास्त रेटा देतो आणि उभट घुमट कमी. ९८९ मध्ये पश्चिमेकडचा भाग पडला, तो त्रदात नावाच्या आर्मेनियन स्थपतीने दुरुस्त केला. १३४६ मध्ये पूर्वेकडचा भाग पडला. म्हणजे आज जो एक घुमट दिसतो, त्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या शतकांची कामे शेजारी शेजारी बसली आहेत.

१९९० च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातले रॉबर्ट मार्क आणि अहमेत चाकमाक या अभियंत्यांनी या वास्तूचा ताण-भार तपासायला घेतला. संगणकावर प्रतिरूप करायचे तर कोणता भाग कधीचा, चुना वाळायला किती वेळ मिळाला होता, कोणती कमान बांधतानाच कलली होती, हे कळणे आवश्यक होते. त्याची उत्तरे दगडात पूर्णपणे मिळत नाहीत. ती प्रोकोपियस आणि अगाथियस या सहाव्या शतकातल्या ग्रीक इतिहासकारांच्या लिखाणात आहेत. पूर्वेकडची कमान पुरी होण्याआधीच तिचे खांब भाराने तडकू लागल्याची हकिकत प्रोकोपियसने लिहून ठेवली आहे. शतकानुशतके ती राजस्तुती म्हणून वाचली गेली. अभियंत्यांनी ती बांधकामाची नोंद म्हणून वाचली. चर्चचा इतिहास ज्यांनी जपला, त्यांच्यामुळे अभियंत्यांचे गणित सुटले. आणि अभियंत्यांच्या गणितामुळे इतिहासकारांना आपल्या साधनांचा खरेखोटेपणा पडताळता आला.

आता नगर शहराकडे यावे. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या निजामशाहीच्या या राजधानीचा त्या दूरच्या जगाशी संबंध होताच. विजापूरच्या तटावर आज पर्यटक जिच्याजवळ छायाचित्रे काढतात, ती मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरात ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रुमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला कारागीर. इस्तंबूलमध्ये मिमार सिनान सुलेमानिया मशिदीची आखणी करत होता, त्याच सुमारास त्याच्या मुलखातला एक धातुकार नगरच्या ओतशाळेत एवढा रस एका साच्यात कसा उतरवायचा याचा हिशोब करत होता. ही तोफ पुढे परांड्याला गेली आणि तिथून १६३२ मध्ये मुरार पंडिताने विजापूरला नेली. एवढे ओतकाम नगरच्या माळावर कसे झाले असेल, हा धातुशास्त्राचा प्रश्न आहे. एवढा कारागीर इथवर का आला, हा इतिहासाचा. दोन्ही प्रश्न एकमेकांवाचून अर्धे राहतात.

शहराच्या कडेला फराहबागेचा महाल आहे. तलावाच्या मधोमध उभा, अष्टकोनी, मधल्या उंच दालनावर घुमट. पूर्वेकडे शाह डोंगरावर निजामशाहीतल्या सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, चांदबीबी तिथे नसली तरी. डोंगरमाथ्यावरचा वारा, कमानींचे उघडे मजले आणि चारशे चाळीस वर्षांचे पावसाळे सोसून ती उभी आहे. ती कशी उभी आहे, भार कोणत्या कमानीतून कुठे उतरतो, कोणता सांधा आधी सुटेल, हे बारकाईने मोजणे हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असा विषय आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या निजामशाही नहरी तर त्याहून मोठा विषय. कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून उताराने पाणी शहरात आणि बागांत खेळवले जाई. पंप नाही, वीज नाही, केवळ उताराचा अंदाज आणि चुन्याचे काम. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा अभ्यास निव्वळ हौसेचा ठरत नाही.

हे काम कुणी करतच नाही असे नाही. वास्तुविशारदाचे शिक्षण घेऊन इतिहासाकडे वळलेले आणि पुण्याच्या आयसरमध्ये शिकवणारे पुष्कर सोहोनी यांचा निजामशाही वास्तुकलेवरचा इंग्रजी ग्रंथ २०१८ मध्ये आला. महाल, कबरी, मशिदी, पाण्याच्या सोयी आणि किल्ले यांतून त्यांनी ती राजवट वाचली. इमारतीचा नकाशा काढता येणारा माणूस फारसी बखरींकडे वळतो तेव्हा काय हाती लागते, याचा तो उत्तम नमुना आहे. प्रश्न एवढाच की असे काम करायला एखाद्या अभ्यासकाने स्वतःच्या हिमतीवर दोन विद्या शिकाव्या लागतात. जिल्ह्यातली व्यवस्था त्याला हात देत नाही.

दुसरे भांडार चर्चच्या दप्तरांत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस नगरला आले. त्यांच्या कामाची धर्मांतराच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण त्या दप्तरांत आणखी बरेच काही आहे. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ धर्मवादाबरोबर खगोल, भूगोल, प्राणी आणि यंत्रे यांवरही मराठीत लिहीत असे. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच पत्राने छापला. सिंथिया फरार यांच्या नगरातल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फरारबाईंकडे झाले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा हा धागा मिशनच्या कागदांतून जातो.

तिथे निसर्गशास्त्रही आहे. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहिलेले रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक पक्षी आणि शंख-शिंपले गोळा करत, त्यांच्या याद्या प्रसिद्ध करत. पळणीच्या डोंगरात आढळणाऱ्या एका पक्ष्याला भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्यांचेच नाव दिले, आणि शास्त्रीय नावात ते आजही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड चर्चिल हा अमेरिकन अभियंता नगरच्या मिशनमध्ये आला आणि हातमागाची गती वाढवण्याचे प्रयोग करत राहिला. त्याचा सुधारित माग त्याच्याच नावाने ओळखला गेला. रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनने शेकडो अनाथ मुले सांभाळली आणि त्या कामासाठी ह्यूम यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. याच वर्तुळात रेव्हरंड ना. वा. टिळक कविता लिहीत होते, बालकवी काही काळ त्यांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’तून ते घर अजरामर केले.

या मिशनचा मोठा पत्रव्यवहार आज अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. नगर, राहुरी, वडाळे या गावांतला दुष्काळ, पटकी, पाऊस, भाव आणि शाळा यांचे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे तपशील तिथल्या कपाटांत आहेत. गावोगावच्या मंडळ्यांकडे बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्याही असतात. मृत्यूंच्या नोंदी पाऊसमानाशेजारी ठेवल्या तर दुष्काळ कोणत्या वस्तीवर कसा उतरला हे दिसते. हे काम चर्चच्या इतिहासकाराचे, संख्याशास्त्रज्ञाचे आणि हवामानाच्या अभ्यासकाचे मिळून आहे.

चर्चचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या मनात पोर्तुगीज किंवा इंग्रज येतात. प्रत्यक्षात कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरा त्यांच्या कितीतरी आधी पोहोचल्या होत्या. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले, आणि अनेक अभ्यासक ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारी घरे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची होती, अशी नोंद ओडोरिक या प्रवाशाने केली आहे. गोव्यात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो आल्वारिस या धर्मगुरूंनी रोमशी संबंध तोडून मलंकार ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. १८८९ मध्ये ते बिशप झाले, १९२३ मध्ये वारले आणि रायबंदरला त्यांची समाधी आहे. वृत्तपत्रे चालवणाऱ्या या बिशपने पटकीवरच्या उपचारांची पुस्तिका काढली आणि गरिबांच्या पोटासाठी कसावाच्या लागवडीचा प्रचार केला. त्यांचे चरित्र लिहायला धर्मशास्त्र लागते, पोर्तुगीज लागते, आरोग्याचा इतिहास लागतो आणि शेतीही लागते. एका शाखेच्या रकान्यात हा माणूस मावत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात प्रश्न अधिक तातडीचा होतो. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० मध्ये हाती घेतले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच दगडी धरणांत त्याची गणना होई. त्याच जलाशयाच्या काठी रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर आहे, त्याहून आठ-नऊशे वर्षे जुने. दगडावर दगड तोलण्याच्या दोन परंपरा एकाच पाण्यात प्रतिबिंब पाहतात. धरणाने साठच्या दशकात मोठी धास्ती दिली. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, कोयनेच्या धरणाला तडे गेले. १९६९ मध्ये भंडारदऱ्यालाही तडे आणि गळती दिसली. मग पाण्याची पातळी उतरवून धरणाच्या पाठीशी भक्कम आधारभिंती बांधण्यात आल्या. कोयनेच्या त्या भूकंपाच्या नोंदी पुढे जगभरच्या धरण-अभियांत्रिकीच्या अभ्यासाचा पाया ठरल्या. बर्कलीच्या अनिल चोप्रा यांच्यासारख्यांनी त्यांवर काम केले. भंडारदऱ्याची शंभरी २०२६ मध्ये भरते. ज्या दगडांवर एवढ्या गावांचे पाणी आणि प्राण विसंबून आहेत, त्यांच्या बांधकामाचे जुने कागद, चुन्याचे मिश्रण, दुरुस्तीच्या नोंदी नव्याने वाचणे हे सुरक्षिततेचे काम आहे.

या धरणाने समाज कसा बदलला, हे मोजायला अर्थशास्त्रज्ञ पुढे आला. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली. अहवाल १९४८ मध्ये आला. कालव्याच्या पाण्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नात काय भर पडली, मजुराच्या हाती काय आले, बाजारपेठा कशा वाढल्या, हे त्यांनी शेताच्या बांधावर जाऊन मोजले. आणि ते मोजून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. अभियंत्याने बांधलेल्या धरणावर अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास शेतकऱ्यांच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला याहून चांगले उत्तर नगर जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही.

या मांडणीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सगळीकडे हात घालणाऱ्याचे एक ना धड भाराभर चिंध्या असे होते. चर्चच्या इतिहासावर आणि तुळईच्या वाकण्यावर एकच माणूस लिहू लागला तर दोन्ही विषयांची माती होईल. भीती खरी आहे. उथळ आंतरविद्याशाखीय परिसंवादांचा महाराष्ट्रात तुटवडा नाही, आणि त्यांतून प्रमाणपत्रांपलीकडे काही उरत नाही. पण नेवाशाच्या माळेने दाखवलेली वाट निराळी आहे. गुलाटी पुरातत्त्वज्ञ झाले नाहीत आणि सांकलिया सूततज्ज्ञ झाले नाहीत. आया सोफियाचे अभियंते ग्रीक पंडित झाले नाहीत. त्यांनी ग्रीक पंडितांना सोबत घेतले. खोली प्रत्येकाची स्वतःचीच असावी, प्रश्न मात्र एक असावा. रतनवाडीचा दगड, शाह डोंगरावरची कबर, वडाळ्याची नोंदवही हे ते प्रश्न आहेत, आणि ते एका विद्येला सुटणारे नाहीत.

आक्षेपापेक्षा व्यवस्थेची अडचण मोठी आहे. गेली कित्येक वर्षे प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येशी बांधली गेली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणण्याची सक्तीही होती. ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत काढली, हे चांगले झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनेक विद्या एकत्र शिकवण्याचा आग्रह धरला. कागदावर दार उघडले आहे. पण गावातल्या महाविद्यालयात अभियांत्रिकीचा विद्यार्थी कबरीच्या कमानीवर प्रकल्प घेऊ म्हणाला, तर त्याला मार्गदर्शक इतिहास विभागातून मिळू शकत नाही. आणि इतिहासाचा विद्यार्थी मोजमापाची यंत्रे मागायला गेला, तर ती त्याच्या विभागाच्या यादीत नसतात. धोरण दिल्लीत बदलले, वेळापत्रक इथे बदललेले नाही.

जिल्ह्यात माणसे आणि संस्था कमी नाहीत. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय मिशनच्या त्याच परंपरेतून आले आणि सर्व समाजांचे झाले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकीला परवानगी दिली, तेव्हा लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी, कोपरगावला संजीवनी अशी महाविद्यालये एकाच वर्षी उभी राहिली. नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि संशोधन केंद्र आहे. जोर्वे, दायमाबाद, नेवासे ही भारतीय पुरातत्त्वातली मोठी नावे याच जिल्ह्यातली. दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना सापडलेल्या, एकूण साठ किलोंहून जड असलेल्या तांब्याच्या मूर्तींचा काळ कोणता, यावर पुरातत्त्वज्ञ आणि धातूचे पृथक्करण करणारे शास्त्रज्ञ यांच्यात मतभेद आहेत. त्या मतभेदातूनच तो प्रश्न जिवंत राहिला.

नगरच्या किल्ल्याची आठवणही इथे यावी. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे पुढारी तिथे बंदिवान होते. नेहरूंनी १९४४ मध्ये तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझाद यांच्या तिथल्या पत्रांत चहा आहे, खोलीतल्या चिमण्या आहेत, संगीत आहे आणि युरोपातून निघालेल्या क्रुसेडांचा इतिहासही आहे. पुस्तके मर्यादित, दारे बंद, तरी जिज्ञासेने कुंपण मानले नाही. मोकळ्या हवेतल्या महाविद्यालयांना त्याहून अधिक करता यायला हवे.

त्यासाठी करायचे काम फार खर्चाचे नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांपैकी काही प्रकल्प जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंवर आणि पाणीव्यवस्थेवर राखून ठेवावेत, आणि त्यांना दोन मार्गदर्शक द्यावेत, एक अभियांत्रिकीचा, एक इतिहासाचा किंवा भाषेचा. फराहबाग, सलाबतखानाची कबर आणि नहरींचे माग यांचे मोजमाप करून नकाशे सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि जड मातीची छते माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. तसल्याच बांधणीचे वाडे आणि घरे नगरच्या गावांत अजून राहती आहेत. जुन्या बांधकामाचा अभ्यास हा त्या घरांतल्या माणसांच्या जिवाचा अभ्यास आहे.

चर्चच्या मंडळ्यांनी आपल्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून घ्यायला परवानगी द्यावी. कुटुंबांच्या खासगीपणाची काळजी घेऊन ते करता येते. अहमदनगर महाविद्यालयाने हार्वर्डकडच्या मिशन-कागदांच्या प्रती नगरात आणण्यासाठी प्रयत्न करावेत. कृषी विद्यापीठाने त्या नोंदींतला पाऊस आणि पीकपाणी आपल्या आकड्यांशी ताडून पाहावे. जलसंपदा विभागाने भंडारदऱ्याच्या शताब्दीनिमित्त रोषणाई करावीच, पण बांधकामाचे जुने आराखडे आणि १९६९ नंतरच्या दुरुस्तीचे अहवाल अभ्यासकांसाठी खुले करावेत. मोडी आणि फारसी वाचता येणाऱ्या माणसाला एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने वर्षभरासाठी पगार देऊन ठेवावे. एका नव्या यंत्राच्या किमतीत ते सहज बसेल.

ज्यांच्या घरात जुन्या शाळेचे दाखले आहेत, कालव्याच्या पाटकऱ्याची टिपणे आहेत, आजोबांनी कंत्राटदाराकडे काम केले तेव्हाचे हिशेब आहेत किंवा मंडळीची जुनी वही आहे, त्यांनी ती रद्दीत देऊ नये. जवळच्या महाविद्यालयात किंवा नगरच्या संग्रहालयात नेऊन दाखवावी आणि तिची प्रत ठेवून घ्यायला सांगावे.